न फवारलेली ओळ दाखवा

प्रश्न सांगोला तालुक्यातल्या एका तरुण डाळिंब बागायतदाराचा आहे. मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलं धरलेल्या, बागेत फळांवर डाग दिसायला लागले. मोबाइलवर फोटो काढून एआयला दाखवला, तर दोन सेकंदांत उत्तर आलं: तेल्या रोग आहे, अमुक अँटिबायोटिक आणि तमुक बुरशीनाशक एकत्र फवारा. एका व्हिडिओत पांढरा कोट घातलेले 'डॉक्टर' सांगतात की त्यांच्या जैविक द्रावणाने पंधरा दिवसांत तेल्या मुळापासून जातो, खाली शोधनिबंधाचा दाखलाही आहे. दुकानदाराने तिसरंच औषध काढून दिलं. आणि केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात फोन केला तर तिथले शास्त्रज्ञ म्हणाले, "फांदी घेऊन या, बघून सांगतो." ते विचारतात: सगळेच शास्त्राच्या भाषेत बोलतात, मग खरा जाणकार कोण हे ओळखायचं कसं?

तुमच्या चौघांपैकी तिघांनी तुम्हाला काहीतरी दिलं. एकानेच तुमच्याकडे काहीतरी मागितलं. मी असतो तर आधी त्या चौथ्याकडे गेलो असतो. का, ते जरा सविस्तर सांगतो.

मी वनस्पती रोगशास्त्र शिकलेला माणूस. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, सांगोला या पट्ट्यात डाळिंब-द्राक्षाच्या बागा पाहतो आणि सल्ल्याचे पैसे घेतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे पैशाचा विषय येणारच आहे.

पूर्वी बोगस माहिती वाचताक्षणी कळायची. पत्रकात रोगाचं नाव धड नसायचं, मात्रा लिटरला की एकराला याचा पत्ता नसायचा, 'चमत्कारी' हा शब्द तीनदा यायचा. भाषा हीच चाळणी होती. नीटनेटकं, तोलून मापून लिहिणाऱ्याला थोडंफार तरी कळत असणार, असं गृहीत धरलं तर फारसं चुकायचं नाही. ती चाळणी आता फाटली. तेल्याच्या झँथोमोनास जिवाणूचं पूर्ण शास्त्रीय नाव, त्याचं जीवनचक्र, सुबक तक्ता, शेवटी 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं नम्र वाक्य, हे सगळं आता कुणालाही फुकट मिळतं, आणि तेही शुद्ध मराठीत. चेहरा आणि आवाजही बनवून मिळतो. ओठ नीट हलतात का हे बघून खोटा व्हिडिओ ओळखायचे दिवस संपत आले. एखाद्या शास्त्रज्ञाच्या तोंडी काही घातलेलं दिसलं तर ते त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा चॅनेलवर आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर विषय सोडून द्यायचा.

तर बोलण्यावरून पारख बंद. मग कशावरून करायची? मी एकच प्रश्न विचारतो: न फवारलेली ओळ दाखवा.

त्या जैविक द्रावणाचंच घ्या. तेल्या हा जिवाणूचा रोग. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो या झाडावरून त्या झाडावर जातो, ढगाळ दमट हवेत फोफावतो, छाटणीच्या कात्रीवरून आणि रोगट गुट्यांमधूनही (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेल्या रोपांमधून) पसरतो. सोलापूरला सगळ्यात मोठा पाऊस सप्टेंबरचा. मृग बहाराची फळं तेव्हा झाडावर मोठी होत असतात, म्हणून नुकसान जबर. पाऊस संपला, हवा कोरडी झाली, रात्री गार पडायला लागल्या की नवीन डाग पडायचे आपोआप कमी होतात. म्हणूनच तेल्याने ग्रासलेल्या बागांना मृगाऐवजी हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना धरायचा बहार, घ्यायला सांगतात.

आता समजा कुणी पाऊस उघडल्यावर बाटली विकली आणि तुम्ही फवारली. पंधरा दिवसांत नवीन डाग थांबले. तुम्ही खरं तेच सांगताय, विकणाराही कदाचित मनापासून बोलतोय, व्हिडिओत दिसणारी बागही खरी आहे. पण त्या पंधरवड्यात नुसतं बोअरचं पाणी फवारलं असतं तरी तेच दिसलं असतं. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, असा हा हिशेब आहे. हे उघड कशाने होईल? शेजारच्या एका ओळीवर ते द्रावण मारलंच नसेल तर. तिथेही डाग थांबले, तर श्रेय हवेचं. जो माणूस अशी ओळ दाखवतो, किंवा निदान 'ती ओळ ठेवली नव्हती, त्यामुळे खात्रीने सांगत नाही' असं म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ आहे. शंभर शेतकऱ्यांचे अनुभव दाखवणाऱ्याकडे अशी एकही ओळ नसेल तर त्याच्याकडे एकच पुरावा शंभर वेळा आहे.

त्या व्हिडिओत आणखी एक खूण आहे. 'डाग नाहीसे झाले' असं त्यात म्हटलंय. फळाच्या सालीवर पडलेला डाग कशानेच जात नाही, तिथली साल मेलेली असते. औषध फार तर नवीन डाग थांबवतं. ज्याने रोग हातात घेऊन पाहिलाय तो हे वाक्य बोलणार नाही.

ही तुलनेची गोष्ट पुस्तकी वाटत असेल तर बोर्डो मिश्रणाचा जन्म आठवा, जे तुम्ही आजही छाटणीनंतर मारता. 1882 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोजवळ मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की केवडा रोगाने द्राक्षबागांची पानं झडलीत, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. रस्त्याकडेची ओळ फवारलेली, आतली न फवारलेली. तुलना आयती मिळाली. पण तेवढ्यावर त्याने ढोल बडवला नाही. प्रयोग केले आणि 1885 मध्ये निष्कर्ष छापले.

आपल्याकडे हीच चाळण संस्थेच्या पातळीवर चालते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी एकत्र बसतात, त्या बैठकीला आम्ही 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतो. नवी शिफारस तिथे मांडावी लागते आणि समोर बसलेले लोक तिचे लचके तोडतात. किती हंगाम घेतले? रिप्लिकेशन किती, म्हणजे तोच उपचार किती जागी पुन्हा करून पाहिला? दोन उपचारांमधला फरक 'सीडी'पेक्षा (क्रिटिकल डिफरन्स, खरा मानायला लागणारा किमान फरक) जास्त आहे की नुसता योगायोग? खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय उरतं? ज्याने तिथे मार खाल्लाय तो बाहेर बोलताना आपोआप जपून बोलतो. तुम्हाला ते 'अमुकवर अवलंबून आहे' म्हणणं गुळमुळीत वाटतं, मला ते जखमांचे वण वाटतात. अर्थात काही जण काहीच माहीत नसल्यामुळेही 'अवलंबून आहे' म्हणतात. फरक सोपा आहे. 'कशावर?' असं विचारा. जाणकार लगेच मोजून सांगेल: बहार कोणता, छाटणी कधी, पाऊस किती पडला, माल कुठल्या बाजारात जाणार. दुसरा परत गुळमुळीतच बोलेल.

आता एआयकडे वळू. त्याला शिव्या घालणाऱ्यांपैकी मी नाही, रोज वापरतो. पण त्याच्याकडून नेमकं काय मिळतं ते समजून घ्या. त्याने अफाट मजकूर वाचलाय आणि त्या मजकुरात एखाद्या शब्दापुढे काय येण्याची शक्यता जास्त, त्यावरून तो वाक्य रचतो. त्यामुळे जे जास्त पानांवर लिहिलंय ते त्याच्या तोंडी जास्त येतं. शेतीत ही मोठी अडचण आहे, कारण जुनी शिफारस वीस वर्षांच्या पत्रकांत पसरलेली असते आणि ती बदलल्याची सूचना एखाद्या परिपत्रकात. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे 2011 मध्ये बंदी घातली, पण ते सुचवणारी जुनी माहिती इंटरनेटवर अजून पडून आहे. तुम्हाला सुचवलेल्या अँटिबायोटिकचंही तसंच. स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन ही माणसांच्या उपचारातली औषधं. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसीन वापरत आले आहेत. जिवाणूंना त्यांची सवय होते म्हणून केंद्र सरकारने 2021 मध्ये त्यांचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. तुमच्या मोबाइलवरच्या उत्तरात याचा उल्लेख होता का? फवारणीआधी त्या औषधाची आजची कायदेशीर स्थिती काय, हे तालुका कृषी अधिकाऱ्याला विचारा.

दुसरी अडचण फोटोची. डाळिंबावरचे काळे डाग तेल्याचे असतात, तसेच सर्कोस्पोरा किंवा अँथ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगांचेही असतात. पाण्याचा ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, यानेही फळ तडकतं. तेल्याचं पान उजेडाकडे धरलं की डाग तेलकट, अर्धपारदर्शक दिसतो, आणि फळ बहुतेकदा डागावरच एल किंवा वाय आकारात फुटतं. तरी शंका राहिली तर डागाच्या कडेचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. जिवाणू असतील तर कापलेल्या कडेतून त्यांचा धुरकट लोट निघताना दिसतो. केगाववाल्यांनी फांदी मागितली ती यासाठी. फोटोतून हा लोट दिसत नाही. आणि जिवाणू की बुरशी हे ठरल्याशिवाय औषध ठरवता येत नाही: कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीविभाजनातल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला अडवतं, जिवाणूत पेशी विभागायची यंत्रणाच वेगळी, तिथे ते पाण्यासारखं. 'दोन्ही एकत्र मारा' या सल्ल्यात रोग ओळखलेला नसतो, दोन्हीकडे डाव लावलेला असतो.

तिसरी गोष्ट गंमत म्हणून करून पाहा. एआयला तोच फोटो देऊन एकदा म्हणा, "हा तेल्याच आहे, काय फवारू?" मग नव्याने सुरुवात करून म्हणा, "हा तेल्या नाही एवढं नक्की, मग काय असेल?" बऱ्याचदा दोन्ही वेळा तो तुमची री ओढेल आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. बागेत उभा असलेला अनुभवी माणूस असं करत नाही. तो तुमचा प्रश्नच आधी मोडतो.

आणि तो शोधनिबंधाचा दाखला. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी एआयने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात सादर केले आणि दंड भरला. शेतीच्या दाखल्यांतही हे घडतं: नियतकालिक खरं, खंड खरा, आणि त्या पानावर तो निबंधच नाही. म्हणून दाखला उघडून बघायचा. न उघडणारा दाखला म्हणजे दाखला नाही. पण छापलेला निबंध म्हणजेही ब्रह्मवाक्य नव्हे. हिंदावी या प्रकाशनसमूहाने एकट्या 2023 मध्ये आठ हजारांहून जास्त निबंध मागे घेतले. आणखी एक मासला ऐका. 1950 च्या दशकातल्या एका निबंधाची पानं स्कॅन करताना शेजारशेजारच्या दोन रकान्यांतले शब्द चिकटले आणि 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' असं काहीतरी तयार झालं. असं तंत्र जगात नाही. तरी अलीकडच्या कित्येक निबंधांत ते अवतरलं, आणि एआयच्या तोंडीही बसलं. लिहिणाऱ्याने, तपासणाऱ्याने, छापणाऱ्याने, कुणीच ते वाचलं नव्हतं.

सामान्य शेतकऱ्याने निबंध कसा तपासायचा? पूर्ण वाचायची गरज नाही. तीन जागा बघा. प्रयोग बागेत झाला की काचेच्या बशीत? बशीत जिवाणू मारणारी वस्तू स्वयंपाकघरातही सापडते, झाडावर ती टिकत नाही. न फवारलेला गट होता का? आणि पैसे कुणी दिले? नावापुढे डॉक्टर असेल तर कशातले, तेही शोधा. कृषी विद्यापीठांचे पुष्कळ प्रबंध 'कृषिकोश'वर आहेत. मातीत पीएचडी केलेला माणूस रोगावर बोलू शकतो, पण मग त्याला इतरांएवढंच वजन द्यायचं, डॉक्टरकीचं वेगळं नाही.

सगळ्यात अवघड असतं ते अर्धं खरं. उदाहरणार्थ, 'टिश्यू कल्चरचं रोप लावा, तेल्या येणार नाही.' पहिली बाजू खरी आहे: चांगल्या प्रयोगशाळेतलं रोप येताना तेल्या घेऊन येत नाही, रोगट बागेतल्या गुटीत तो धोका असतो. पण आत झाड 'भगवा' या तेल्याला बळी पडणाऱ्या जातीचंच आहे. शेजारच्या बांधापलीकडे तेल्या असेल तर पहिल्या मोठ्या पावसात त्यालाही होणार. रोप निरोगी असणं आणि रोगाला दाद न देणं यांत सगळा धंदा लपलाय. अशा वेळी 'हे कोणत्या परिस्थितीत चालणार नाही?' असं विचारा. जाणकार माणसाकडे याचं उत्तर आधीच तयार असतं, बहुतेक वेळा तो न विचारताच देतो. एक टक्का बोर्डोचं प्रमाण, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, एआयसुद्धा बिनचूक सांगतो. जाणता मात्र विचारेल, "चुना कधी आणलाय?" कारण हवा लागून चुना मेलेला असेल तर प्रमाण बरोबर असूनही पालवी भाजते. म्हणून तो मिश्रणात लोखंडी पातं बुडवायला सांगतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

पैशाबद्दल थोडक्यात. विकणारा खोटंच बोलतो असं नाही. कंपन्यांच्या काही प्रतिनिधींना आमच्याइतकंच कळतं, आणि माझ्यासारखा सल्लागारही पुन्हा बोलावलं जावं म्हणून जास्त फवारण्या सांगू शकतो. त्यामुळे माणसापेक्षा डबा वाचा. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे. त्याखाली औषधाची नोंदणी पीक आणि रोग-कीड यांनुसार होते. लेबलवर डाळिंब आहे का, तुमचा रोग आहे का, मात्रा किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे कायद्याने छापलेलं असतं. ज्या बाटलीवर रोगाचं नावच नाही आणि 'सर्व पिकांसाठी उपयुक्त' आहे, तिच्या मालकाने कुठल्याच दाव्याची जबाबदारी घेतलेली नाही.

संस्थाही चुकतात, हे लपवायचं कारण नाही. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या, अवशेषामुळे अडकली आणि सोलापूर-नाशिकच्या बागायतदारांनी त्याचे चटके सोसले. पण कुठल्या रेणूचा अवशेष, किती, कुठल्या मर्यादेपेक्षा जास्त, हे कागदावर होतं, म्हणून पुढच्या हंगामांत तपासणी आणि सवयी बदलता आल्या. व्हिडिओतल्या डॉक्टरांचं औषध चाललं नाही तर बदलायला काय आहे? चॅनेलचं नाव.

एआयला घरी पाठवा असं मी म्हणत नाही. त्याच्याकडून निकाल घेऊ नका, काम घ्या. लेबलवरचा बारीक इंग्रजी मजकूर मराठीत करून घ्या आणि आकडे डोळ्यांनी ताडून पाहा. 'माझ्या बागेत हा रोग नसेल तर दुसरं काय असू शकतं आणि ते वेगळं ओळखायला काय बघू?' असं विचारा. तो चांगली यादी देतो. शास्त्रज्ञांना भेटायच्या आधी प्रश्न काढून घ्या. मात्रा, मिश्रण आणि काढणीपूर्व काळ या तीन गोष्टी मात्र त्याच्या भरवशावर नकोत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजुरांचे जीव गेले. पंपात काय आणि किती जातं, याची किंमत फवारणाऱ्याच्या फुप्फुसाला मोजावी लागते.

आता तुमच्या बागेचं. दोन-तीन दिवस काही फवारू नका. नवे डाग असलेली पानं आणि एक फळ यांच्यासकट फांदी सकाळी कापा, वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घातली तर घाम सुटून सडते आणि मग मूळ रोग दिसतच नाही. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणात बुडवा. एका कागदावर छाटणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, पावसाचे दिवस आणि झालेल्या सगळ्या फवारण्या ओळीने लिहा, दुकानाच्या चिठ्ठ्याही लावा. हे घेऊन केगावला जा.

आणि ते द्रावण वापरून बघायचंच असेल तर असं करा. केंद्राने सांगितलेल्या फवारण्या सगळ्या बागेवर सारख्याच होऊ द्या. तेल्या असताना झाडं उघडी सोडली तर तीच इतरांना रोग देतील, तेव्हा पूर्ण न फवारलेली ओळ तुम्ही ठेवू नका. द्रावण मात्र मधल्या चार ओळींत एकाआड एक मारा, बांधाकडच्या ओळी घेऊ नका. झाडांना नंबर द्या, प्रत्येक झाडावरची वीस-वीस फळं रंगीत दोऱ्याने खुणावून ठेवा आणि आजचे डाग मोजून ठेवा. पंधरा दिवसांनी मोजणी तुम्ही करू नका, वडिलांना किंवा शेजाऱ्याला करायला लावा आणि कुठल्या ओळीत काय मारलंय ते त्यांना सांगू नका. आकडे आले की पाठवा. द्रावणाने खरंच फरक पडला असेल तर बाटलीचं नावही कळवा, मलाही पुढच्या बागांसाठी हवंय.